इनलेभोवतीच्या सिमेंटची झीज

किडलेल्या दाढेत बसवलेला सिरॅमिकचा इनले, म्हणजे पोकळीच्या मापाने बाहेर घडवून आत चिकटवलेला तुकडा, वर्षानुवर्षे जवळजवळ तसाच राहतो, शेजारचे इनॅमलही फार हळू झिजते. लवकर झिजते ते या दोहोंना जोडणारे रेझिन (प्लास्टिकसारखा पदार्थ) असलेले सिमेंट. चांगल्या बसलेल्या इनलेभोवती या सिमेंटची रेघ साधारण १०० मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग, रुंद असते.

सिमेंटमध्ये मऊ रेझिन आणि त्यात मिसळलेले काचेचे किंवा सिलिकाचे कठीण कण असतात. घास चावताना अन्नातील कण रेघेवरून घासत जातात, आधी रेझिन खरवडले जाते आणि आधार गेला की कठीण कण सुटून पडतात. कण बारीक आणि दाटीने बसलेले असतील, तर त्यांच्यामधले रेझिन बरेचसे झाकलेले राहते, म्हणून असे सिमेंट सहसा कमी झिजते. लाळेतील पाणीही रेझिनमध्ये मुरून कणांची पकड सैल करते.

ही झीज सारख्या वेगाने होत नाही. सुरुवातीच्या काळात ती जास्त असते. पुढे सिमेंट खाली गेले की दोन्ही बाजूंच्या कठीण कडा त्याला आडोसा देतात आणि वेग मंदावतो. फट रुंद असेल तर मात्र अन्न अधिक खोलवर पोचते. १९८५ मध्ये झुरिकला संगणकाच्या मदतीने घडवलेले पहिले इनले बसवले गेले, तेव्हा फटी आजच्यापेक्षा रुंद असत आणि त्या काळच्या इनलेंभोवती खाचाही ठळक दिसत. माझ्या मते रुग्णाने सिमेंटच्या नावापेक्षा इनले किती नेमका बसला, हे आधी विचारावे.

बेळगाव, खानापूर, चिकोडीकडे रोजच्या जेवणात ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी असते. तेवढ्याने इनलेची चिंता करण्याचे कारण नाही. सुपारी दिवसभर चघळणे मात्र वेगळे. तंबाखूच्या निपाणी भागात मिश्री लावण्याची सवय अजून दिसते. ती खरखरीत भुकटी बोटाने घासली की बोट पोचेल तिथली सिमेंटची कड खरवडली जाते. (मिश्रीमुळे हिरड्यांचे आणि तोंडाचे होणारे नुकसान याहून कितीतरी गंभीर आहे.)

नखाला लागणारी उथळ खाच म्हणजे कीड नव्हे. खाच खोल झाली तर सिरॅमिकची कड निराधार होऊन तिचा टवका उडू शकतो. त्यामुळे दंतवैद्य दरवेळी कडेवरून बारीक सळई फिरवून पाहतात. खाली कीड नसेल, तर इनले काढण्याऐवजी खाच स्वच्छ करून तेवढाच भाग काँपोझिटने (दातात भरायच्या रेझिनच्या मिश्रणाने) भरता येतो.