जनरेटरवर दुरून नजर : डिझेलच्या हिशोबापासून बॅटरीपर्यंत

कोराडी, खापरखेडा, पारस आणि एकट्यानं २९२० मेगावॅट पेलणारं चंद्रपूर ही सगळी औष्णिक केंद्रं विदर्भातली. तरीही इथल्या खेड्यात आरोग्य केंद्र, जिनिंग किंवा दूध शीतकरण केंद्र उभारायचं म्हटलं की खर्चाच्या यादीत डीजी सेट, म्हणजे डिझेल जनरेटर, येतोच. २००५ नंतरच्या भारनियमनात ग्रामीण भागात दहा-दहा, बारा-बारा तास लाइन नसायची. ते दिवस सरले. पण फीडर लांबचे आहेत, रोहिणी-मृगाच्या वादळात खांब आडवे होतात आणि डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) जळाली की दुसरी येईपर्यंत वाट पाहावी लागते.

जनरेटर आपोआप चालू होण्याची सोय बरीच जुनी आहे. एएमएफ पॅनेल, म्हणजे जनरेटर आपोआप लावणारी नियंत्रण पेटी, लाइन गेल्याचं ओळखतं, स्टार्टर फिरवतं, इंजिन लागलं नाही तर थोडं थांबून पुन्हा फिरवतं. बहुतेक ठिकाणी तीन प्रयत्नांनंतर ते हात टेकतं आणि लाल दिवा लावतं. तो दिवा पाहायला तिथं माणूस नसेल, तर रात्रभर कोणालाच काही कळत नाही. दुरून देखरेखीची गरज इथं निर्माण झाली.

मात्र तिच्यावर पहिल्यांदा पैसा खर्च झाला तो मोबाइल टॉवरवर, आणि मुख्यतः डिझेलसाठी. २००० नंतरच्या दशकात टॉवर गावाबाहेरच्या शेतात, जंगलाच्या कडेला उभे राहिले. टाकीत किती भरलं आणि इंजिनानं किती खाल्लं, याचा मेळ कंपन्यांना बसेना. मग टाकीत लेव्हल सेन्सर बसले आणि चाललेले तास व संपलेले लिटर यांचा ताळा दूरच्या कार्यालयातून होऊ लागला. यंत्रांची भाषा तयारच होती. १९७९ साली कारखान्यांसाठी निघालेला मॉडबस हा यंत्रांनी आपसात बोलायचा संकेत जनरेटरच्या कंट्रोलरमध्येही रुळला होता. जानेवारी २०१२ मध्ये केंद्राच्या दूरसंचार विभागानं २०१५ पर्यंत निम्मे ग्रामीण टॉवर संकरित विजेवर (ग्रिडसोबत सौर-पवनासारखी अपारंपरिक वीज) नेण्याचं लक्ष्य दिलं, ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले, आणि लिटरचा हिशोब आणखी कडक झाला.

खेड्यातल्या माणसाला दुरून यंत्र चालवणं शिकवलं ते मात्र मोटरपंपानं. रात्रीच्या लाइनला ओलितासाठी अंधारात, सापाकिरड्यातून विहिरीवर जाणं संत्रा-कपाशीच्या शेतकऱ्याला चुकत नव्हतं. फोन लावून मोटर चालू-बंद करणारा मोबाइल स्टार्टर त्या त्रासातून आला. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचं ‘नॅनो गणेश’ हे त्यातलं गाजलेलं नाव.

आरोग्य केंद्राकडे ही दृष्टी उशिरा वळली. २०१५ पासून देशात टप्प्याटप्प्यानं आलेल्या ई-विन या लससाठ्यावर नजर ठेवणाऱ्या सरकारी व्यवस्थेत लसींच्या फ्रिजचं तापमान दुरून दिसतं. ते २ ते ८ अंशांच्या बाहेर गेलं की संदेश जातो. फार मोलाची सोय आहे ही. पण ती फ्रिज तापल्याचं सांगते, जनरेटर का लागला नाही ते सांगत नाही.

माझ्या मते घोळ इथेच आहे. डिझेल मोजायला जन्मलेली व्यवस्था आपण तशीच दवाखान्यात आणतो. टाकी भरलेली दिसते आणि जीव भांड्यात पडतो. एरवी नुसता उभा असलेला जनरेटर ऐनवेळी दगा देतो तो बहुतेक वेळा बॅटरीमुळे. नुसती उभी असताना खराब बॅटरीही १२.५ व्होल्ट दाखवू शकते. खरं काय ते स्टार्टर फिरताना व्होल्ट किती खाली बसतात, त्यावरून कळतं. म्हणून दर आठवड्याला लोड देऊन चाचणी घ्यावी आणि तो आकडा नोंदवावा. जुलै २०२३ पासून लागू झालेल्या सीपीसीबी-४ प्लस या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या धूर-निकषांमुळे नव्या इंजिनांत इलेक्ट्रॉनिक्स वाढलं आहे, त्यामुळे माहिती मिळवणं सोपं झालंय. जुन्या सेटवर वेगळा कंट्रोलर बसवावा लागतो. त्यातला २जी मोडेम (मोबाइल नेटवर्कवरून संदेश पाठवणारा भाग) जिओच्या सिमवर चालत नाही, एवढं घेण्याआधी पाहावं.

दुसरी अडचण गडचिरोलीतल्या भामरागडसारख्या ठिकाणी दिसते. पर्लकोटा नदीला पूर आला, पुलावर पाणी चढलं की मेकॅनिक पोहोचत नाही. टॉवरचंही डिझेल संपलं तर संदेशही थांबतो. त्यामुळे बिघाड झाला की कळवा, एवढं पुरत नाही. ‘मी ठीक आहे’ असा संदेश ठरल्या वेळी यायला हवा, आणि तो आला नाही की जिल्ह्याच्या ठिकाणी फोन वाजायला हवा.

दुरून चालू करण्याचं बटण मात्र सगळ्यात शेवटी द्यावं. चेंजओव्हरला (लाइन की जनरेटर हे बदलणाऱ्या स्विचला) इंटरलॉक, म्हणजे दोन्ही एकदम जोडू न देणारी अडवणूक, नसेल तर जनरेटरची वीज उलटी लाइनवर जाऊ शकते आणि डीपीतून चढत ११ हजार व्होल्ट होते. लाइन बंद आहे असं समजून त्याच वेळी लाइनमन खांबावर चढलेला असतो. इंजिनाचा पट्टा बदलणाऱ्या मेकॅनिकचा हातही त्याच बटणाखाली असतो. म्हणून त्यानं आधी ऑटो काढून स्टॉपवर टाकावं, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडावी, आणि त्यानंतरच पान्याला हात घालावा.