एका फायलीतले अपडेट एकत्र रद्द होतात का?

‘पीएचपीच्या (वेबसाइटसाठीची प्रोग्रॅमिंग भाषा) एकाच फायलीत लिहिलेले अपडेट (डेटाबेसमधली नोंद बदलणाऱ्या आज्ञा) एकत्रच होतात, एक फसला की बाकीचे आपोआप रद्द’ हा समज फार जुना आहे. तसं वाटणं साहजिक आहे, पण तसं होत नाही. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ऑटोकमिट, म्हणजे बदल आपोआप पक्का होणं, मुळातच चालू असतं, म्हणून प्रत्येक अपडेट झाला की लगेच पक्का होतो. लातूरच्या आडतीवर सोयाबीनची 40 पोती गोदामातून वजा झाली आणि खरेदीदाराच्या खात्यात मांडणारा दुसरा अपडेट अडला, तर ती पोती हिशेबातून गायबच!

करून बघा. चाचणीच्या डेटाबेसवर दुसऱ्या अपडेटमधलं कॉलमचं नाव मुद्दाम चुकवा आणि गोदामाचा आकडा पाहा. तो कमी झालेला दिसेल. आता सुरुवातीला ‘स्टार्ट ट्रान्झॅक्शन’ लिहा (इथून पुढचे बदल एकत्र धरा), चूक आली तर ‘रोलबॅक’ (सगळे मागे घ्या), नाहीतर ‘कमिट’ (सगळे पक्के करा). टेबल मात्र इनोडीबी या साठवणुकीच्या प्रकारचंच हवं. जुन्या मायआयसॅम प्रकारावर रोलबॅक होत नाही.