ब्रेसेस निघतात आणि दातावर चौकट राहते

दीड-दोन वर्षं तारा लावून काढली की एक दिवस डॉक्टर छोट्या पक्कडीने एकेक ब्रॅकेट (दातावर गोंदाने चिकटवलेला, तार धरणारा छोटा तुकडा) सुटं करतात, दात ओळीत आलेले असतात, घरचे खूश, आणि मग काही मुलांच्या दातांवर जवळून बघितलं की मधोमध एक स्वच्छ चौकोन दिसतो आणि त्याच्या भोवती, खास करून हिरडीच्या बाजूला, खडूसारखी पांढरी चौकट. सगळ्यांना वाटतं गोंदाचे डाग पडले, किंवा धातू लागला. पण उलट आहे, जिथे गोंद होता तेवढीच जागा झाकलेली राहिली म्हणून वाचली. आजूबाजूचा दात उघडा होता, आणि त्याच्यावर रोज कीटण बसत होतं.

कीटण म्हणजे अडकलेलं अन्न नाही, इथेच बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. पोह्याचा कण किंवा मेथीचं पान तारेत अडकलेलं दिसतं, लाज वाटते, आपण ते काढतो आणि दात साफ झाले असं समजतो. खरं कीटण हा जंतूंचा पातळ चिकट थर असतो, दाताच्याच रंगाचा, दिसत पण नाही सहज. त्यातले स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्ससारखे जंतू साखर खातात आणि लॅक्टिक आम्ल सोडतात. गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच त्या थराखालचा पीएच (आम्लाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) घसरतो आणि साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कडक थरातलं, कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळायला लागतं. मग लाळ हळूहळू आम्ल मारते आणि तेच क्षार दाताला परत देते, पण त्याला अर्धा-पाऊण तास, कधी जास्तच लागतो. म्हणजे एका वेळी दोन पेढे खाल्ले तर एकदाच फटका बसतो, पण तेच अभ्यास करताना दर वीस मिनिटांनी एक बिस्किट तोंडात टाकलं तर लाळेला चान्सच मिळत नाही. रात्री तर लाळ फारच कमी सुटते, म्हणून झोपायच्या आधीचं घासणं चुकवायचं नाही, सकाळचं एखाद्या दिवशी घाईत झालं तर एक वेळ चालेल.

तारा नसताना जीभ, गाल आणि लाळ मिळून बरंच काम आपोआप करतात. ब्रॅकेट लावलं की दाताच्या मधोमध एक ओटा तयार होतो, त्याच्या आणि हिरडीच्या मधल्या बारीक पट्टीत काही पोचत नाही. वर तार धरून ठेवणाऱ्या त्या रंगीत रबरी रिंगा, त्यांच्यावर थर आणखी छान धरतो. (पारदर्शक रिंगा घेऊ नका, आपल्याकडच्या वरणात-भाजीत हळद असते, दोन दिवसांत पिवळ्या होतात. गडद निळ्या घ्या.) नीट साफ झालं नाही तर ब्रॅकेट लावल्यापासून महिन्याभरातसुद्धा पांढरे डाग सुरू होऊ शकतात, वर्ष लागत नाही.

पांढरेच का दिसतात ते इंटरेस्टिंग आहे. आम्ल इनॅमलच्या वरच्या पापुद्र्याला तसंच ठेवून आतून क्षार काढून नेतं, आत बारीक छिद्रं पडतात आणि त्यात पाणी किंवा हवा भरते. इनॅमलचा अपवर्तनांक (पदार्थ प्रकाशाला किती वळवतो त्याचा आकडा) १.६२, पाण्याचा १.३३, हवेचा १, त्यामुळे प्रकाश सरळ न जाता आत विखुरतो आणि भाग पांढरा दिसतो. म्हणूनच डॉक्टर आधी हवेचा फवारा मारून दात कोरडा करतात. डाग फक्त कोरडा केल्यावरच दिसला तर सुरुवात आहे, ओल्या दातावरही दिसत असेल तर खोल गेलंय. अजून खड्डा नसतो, पण ही किडीचीच पहिली पायरी.

घासायचं कसं? ब्रश ब्रॅकेटवरून आडवा फिरवला तर फक्त धातू चकचकीत होतो. ब्रश ४५ अंशात तिरका धरायचा, आधी हिरडी आणि ब्रॅकेटच्या मधल्या पट्टीत, छोटे छोटे गोल, मग ब्रॅकेटच्या दुसऱ्या बाजूला, ब्रशचं तोंड हिरडीकडे करून. एकेका दाताला थोडं थांबायचं. मग बाटली धुवायच्या ब्रशसारखा तो पिटुकला इंटरडेंटल ब्रश तारेखालून सरकवायचा, तो बाहेर येताना त्याला लागलेला पांढरा चिकट लगदा एकदा बघा, दुसऱ्या दिवशी कोणी सांगावं लागत नाही. पाण्याचा फ्लॉसर (पाण्याच्या बारीक धारेने फटी धुणारं यंत्र) चांगलाच आहे पण महाग, आणि तो ब्रशची जागा घेत नाही. बोटाने मंजन चोळून तारेमागे काही जात नाही, आणि मशेरीचं तर नावच नको, ती तंबाखू आहे.

पेस्ट घेताना ट्यूबवर फ्लोराइड लिहिलंय का बघा, बऱ्याच 'हर्बल' पेस्टमध्ये नसतं. फ्लोराइड असताना क्षार परत बसले की तो भाग आम्लाला आधीपेक्षा जास्त टिकतो. घासून झाल्यावर थुंकायचं, खळखळून चुळा भरून ते सगळं बेसिनमध्ये घालवायचं नाही.

हिरड्यांचं वेगळंच. ब्रश करताना रक्त आलं की लोक तिथे घासणंच बंद करतात, आणि मग ती आणखी सुजते. १९६५ साली डेन्मार्कमध्ये दंतसंशोधक हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी १२ निरोगी माणसांना दात घासणं थांबवायला लावलं होतं, १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि परत घासायला लागल्यावर साधारण आठवड्यात ठीक झाल्या. तेव्हा रक्त येत असेल तिथेच मऊ ब्रशने नीट घासा, तरी थांबत नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

चिक्की, कडक तिळाचे लाडू, ऊस, पेरू दाताने फोडू नका, ब्रॅकेट सुटतं. पेरू फोडी करून खाता येतो, चिक्की मात्र तारा असेपर्यंत बंदच.

आणि डाग पडलेच असतील तर तारा निघाल्या निघाल्या लगेच ब्लीचिंग करायला धावू नका. फ्लोराइड आणि लाळेने काही महिन्यांत बरेचसे फिके होतात. राहिलेल्यांसाठी एक ट्रीटमेंट असते ज्यात त्या छिद्रांत पातळ रेझिन (प्लास्टिकसारखा घट्ट होणारा द्रव) मुरवतात, त्याचा अपवर्तनांक १.५ च्या आसपास, इनॅमलच्या जवळ, त्यामुळे प्रकाश विखुरणं कमी होतं आणि डाग बऱ्याचदा नजरेतून जातो.