स्कॉटलंडची दगडी सूर्यघड्याळं

सूर्यघड्याळ म्हटलं की बागेतली एक तबकडी आणि त्यावर एक तिरका काटा एवढंच डोळ्यासमोर येतं, पण सतराव्या शतकातल्या स्कॉटलंडमध्ये, म्हणजे ढगाळ हवेसाठी बदनाम असलेल्या देशात, या प्रकाराचं अक्षरशः वेड होतं आणि तिथल्या पाथरवटांनी एकाच दगडाला हिऱ्यासारखे पैलू पाडून प्रत्येक पैलूवर वेगळं घड्याळ कोरलं. ग्लॅमिस किल्ल्यातल्या एकाच खांबावर अशी ८४ घड्याळं आहेत. वेळ बघायला एक पुरतं, बाकीची ८३ मालकाचा रुबाब आणि गणित दाखवायला, असं माझं सरळ मत.

एडिनबरोच्या हॉलीरूड राजवाड्यातलं घड्याळ १६३३ चं, राजा पहिला चार्ल्स राज्याभिषेकाला आला त्या वर्षीचं, जॉन मिल्न या शाही पाथरवटाने मुलांना हाताशी घेऊन केलेलं. लोक त्याला राणी मेरीचं घड्याळ म्हणतात, आता मेरीचा शिरच्छेद झाला १५८७ ला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

यात खरी मेख कोनाची. काट्याचा उतार त्या गावाच्या अक्षांशाएवढा लागतो, एडिनबरोला साधारण ५६ अंश (मुंबईत तोच १९), त्यामुळे दुसऱ्या देशातलं आयतं डिझाइन उचलून चालत नाही. शिवाय तिथे उन्हाळ्यात सूर्य ईशान्येला उगवून वायव्येला मावळतो, दिवस साडेसतरा तासांचा, म्हणून उत्तरेकडच्या पैलूवरही सकाळ-संध्याकाळ ऊन येतं आणि तिथेही घड्याळ कोरलेलं असतं.

यांत्रिक घड्याळं होती की, स्कॉट्स भाषेत त्यांना ‘नॉक’ म्हणत, पण १६५७ ला लंबक येईपर्यंत ती दिवसाला पाव तास सहज चुकायची आणि ऊन पडलं की सूर्याकडे बघूनच लावायची. सामान्य माणसाचा दिवस मात्र चर्चच्या घंटेवर आणि खाण्यावर चाले, दुपारचं खाणं ‘ट्वाल-आवर्स’ म्हणजे बाराचं आणि मधल्या वेळचं ‘फोर-आवर्स’, आपलं चारचं चहापाणी. प्रवचन लांबू नये म्हणून पाद्र्याजवळ वाळूचं घड्याळ ठेवलेलं असायचं. गंमत म्हणजे जुन्या स्कॉट्समध्ये ‘हाफ सॅक्स’ म्हणजे साडेसहा नाही तर साडेपाच, सहावा तास अर्धा झाला असा हिशोब, आपलं ‘अडीच’ पण असंच, तिसरा अर्धा.

श्रीमंतांच्या बागेबाहेरही ही घड्याळं दिसतात, इन्व्हरकीदिंगला बाजारातल्या खांबावर, किंवा साध्या घराच्या छपराच्या कोपऱ्याच्या दगडावर. बऱ्याच ठिकाणी धातूचे काटे गंजून पडलेत. पण काही पैलूंत बदामाच्या किंवा त्रिकोणाच्या आकाराचे खळगे आहेत, तिथे खळग्याची कडाच काट्याचं काम करते, ती झिजली नसेल तर अजून वेळ कळते, फक्त उन्हाळ्यात मोबाइलशी ताडून बघाल तर सव्वा तास मागे दिसेल, कारण तेव्हा तिथली सरकारी वेळ तासभर पुढे ढकललेली असते आणि उरलेला पाव तास स्कॉटलंड ग्रीनिचच्या पश्चिमेला असल्याचा.