पारलिंगी किशोरांसाठीचा गटोपचार (कोकण)

जन्मावेळी नोंदवलेले लिंग आणि स्वतःला आतून जाणवणारी लिंगओळख जुळत नाही, अशा किशोरवयीन मुलांना चिंता किंवा नैराश्याने घेरले असता त्यांना एकत्र बसवून, प्रशिक्षित समुपदेशकाच्या सोबतीने दिला जाणारा मानसोपचार. बोलताना त्याला सर्रास ‘ग्रुप थेरपी’ म्हणतात. गटात साधारण सहा ते दहा मुले असतात. उपचार चिंतेवर आणि नैराश्यावर होतो, ओळखीवर होत नाही. हे आधीच सांगणे भाग आहे, कारण मुलाला दवाखान्यात आणणाऱ्या पालकांची पहिली विनवणी बहुधा ‘याला नीट करा’ अशीच असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीने (२०१९ मध्ये स्वीकृत, २०२२ पासून लागू) लिंगओळखीतील विसंगती मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर काढली. ओळख बदलू पाहणारे तथाकथित उपचार भारतात राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सुरू केलेल्या सुनावणीतून ही वाट निघाली.

सरकारी कागदांत ‘तृतीयपंथी’ हा शब्द रूढ आहे. पण त्याने डोळ्यांसमोर गुरू-चेल्यांची परंपरा येते, आणि दापोलीच्या किंवा कुडाळच्या शाळेत दहावीला बसलेल्या मुलाला ती आपली वाटतेच असे नाही. ‘पारलिंगी’ हा शब्द त्या मानाने मोकळा आहे. मुले स्वतः मात्र ‘ट्रान्स’ म्हणतात.

गटोपचाराचा उगम क्षयरोग्यांच्या सेवेत आहे. बोस्टनचे डॉक्टर जोसेफ प्रॅट यांनी १९०५ मध्ये गरीब क्षयरोग्यांचे साप्ताहिक वर्ग सुरू केले. रोगी एकमेकांच्या संगतीने धीर धरतात, हे तिथे दिसून आले. पुढे अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ अर्विन यालोम यांनी गटातील गुणकारी घटकांची मांडणी केली. ‘हे माझ्या एकट्याचेच नाही’ ही जाणीव त्यांतला एक ठळक घटक. पारलिंगी मुलांच्या बाबतीत हा घटक औषधासारखा काम करतो, आणि कोकणात तर जास्तच. वाडी वीस-पंचवीस घरांची. आपल्यासारखे दुसरे कोणी मुलाने उभ्या जन्मात पाहिलेले नसते. संशोधक इलान मायर यांनी २००३ मध्ये मांडलेल्या ‘अल्पसंख्य ताणा’च्या विचारानुसार या मुलांचे नैराश्य टोमणे, नकार आणि सतत लपून राहण्याचा शीण यांतून वाढते. तो शीण उतरायला लपावे न लागणारी एक तरी जागा लागते.

मराठीत हे लपणे फार अवघड आहे. इंग्रजीत ‘मी’ म्हणताना लिंग उघड होत नाही. मराठीत ‘मी जातो’ की ‘मी जाते’ हे जवळपास प्रत्येक वाक्याला ठरवावे लागते. मुलगी म्हणून वाढवलेला मुलगा दिवसभरात शंभरदा स्वतःच्या तोंडाने स्वतःला खोटे पाडतो. काही मुले म्हणूनच गप्प होतात, आणि घरी त्याला ‘घुम्या स्वभाव’ म्हटले जाते. काही जण ‘मला जायचंय’, ‘माझं झालं’ अशा आडवाटा शोधतात. मालवणीत ‘मी जातंय’ हे रूप मुलगे-मुली दोघेही वापरतात. सिंधुदुर्गातल्या मुलाला तेवढा आडोसा मिळतो, पण शाळेच्या प्रमाण मराठीत तो सुटतो. त्यामुळे गटाच्या पहिल्या बैठकीत नावाबरोबर क्रियापदही विचारावे. एखाद्या मुलाच्या तोंडून सगळ्यांदेखत पहिल्यांदा ‘मी आलो’ निघते आणि समोरचे नुसती मान डोलावतात, तो क्षण कोणत्याही तंत्रापेक्षा मोठा असतो. समुपदेशकाला ‘ताई’ किंवा ‘दादा’ म्हणतात, तसे एकमेकांना काय म्हणायचे हेही मुलेच ठरवतात.

नैराश्याला या मुलांचे शब्द वेगळे असतात. ‘मन लागत नाही’, ‘जीव घाबरतो’, ‘पोटात गोळा येतो’. पोटाच्या तक्रारीसाठी महिनोन्महिने ॲसिडिटीच्या गोळ्या चालतात. काही घरी देवस्कीचा, म्हणजे दैवी कोपाचा किंवा करणीचा, संशय येतो, देवाला कौल लावला जातो. त्या श्रद्धेची टिंगल करून समुपदेशकाच्या हाती काही लागत नाही. उलट तिथलीच एक रीत गट समजावून सांगायला उपयोगी पडते. देवापुढे गाऱ्हाणे घालताना एक जण बोलतो आणि जमलेले ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. फरक इतकाच, की गटात प्रत्येकाने आपले गाऱ्हाणे स्वतः घालायचे.

एक बैठक साधारण दीड तासाची, आठवड्यातून एकदा, आठ ते बारा आठवडे. विचार, भावना आणि वागणे यांची साखळी ओळखणे, टाळलेली कामे थोडी थोडी पुन्हा सुरू करणे, घाबरल्यावर श्वास सावरणे असा बराच भाग बोधात्मक-वर्तन उपचारातून येतो. शेली क्रेग आणि ॲशली ऑस्टिन या संशोधकांनी कॅनडात याच धर्तीवर आठ सत्रांचा ‘अफर्म’ हा कार्यक्रम बांधला. २०१६ च्या प्राथमिक अभ्यासात त्यातील तरुणांचे नैराश्य कमी झालेले आढळले. गटात घेण्याआधी प्रत्येकाची स्वतंत्र मुलाखत होते. जीव देण्याचे विचार तीव्र असतील तर आधी वैयक्तिक उपचार आणि मनोविकारतज्ज्ञ, मग गट. गटातले बाहेर न्यायचे नाही हा नियम कडक असतो, मात्र त्याला मर्यादाही असतात आणि त्या पहिल्याच दिवशी सांगाव्यात : जिवाला धोका दिसला तर कळवावे लागते, आणि लैंगिक अत्याचार उघड झाला तर पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यानुसार (२०१२) कळवावेच लागते.

गुप्तता हाच कोकणातला सर्वांत नाजूक प्रश्न. एसटीचा कंडक्टर वडिलांच्या ओळखीचा, औषधाच्या दुकानात मामा. म्हणून एकाच गावच्या मुलांचा गट न करता दोन-तीन तालुक्यांतून मुले घ्यावीत, आणि बैठक शेवटच्या गाडीच्या आत संपवावी. जागाही विचाराने निवडावी. रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून सेवा देत आले आहे, पण त्याच्या फाटकातून आत जाताना कोणी पाहील ही भीती मुलाला पुरते. २०१४ पासूनच्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातली ‘मैत्री’ क्लिनिके बरी, कारण तिथे किशोरवयीन मुले शंभर कारणांनी येतात. ऑनलाइन बैठकीचा पर्याय सोपा वाटतो. प्रत्यक्षात फोन घरात एकच, मागीलदारापासून पडवीपर्यंत आवाज पोचणारे घर, आणि रेंज मिळते ती सड्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या उघड्या माळावर. तिथे बोलण्यापेक्षा टाइप करू देणे बरे.

वेळापत्रक आखताना गणपती आणि शिमगा मध्ये येतात. चाकरमानी येतात, घर भरते, केसांवर, कपड्यांवर, चालण्यावर बोलणी सुरू होतात. एकाला जबरदस्तीने फुगडीत ओढतात, दुसरीला पुरुषांच्या जाखडी नाचात. सुट्टी म्हणून गट बंद ठेवायचे तेच हे दिवस, आणि मुलांना त्याची गरज तेव्हाच सर्वाधिक. आधीच्या दोन बैठका याच तयारीला द्याव्यात : आत्याच्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे, कुठे उठून जायचे, रात्री कोणाला फोन करायचा, याची नाट्यरूपाने तालीम. दशावतारात पुरुष स्त्रीपात्र रंगवतात आणि गाव त्यांना मान देते, हे उदाहरण मुले स्वतःच काढतात. त्याने धीर येतो आणि रागही येतो, कारण नटाचा शृंगार पहाटे उतरतो, त्यांचे जगणे उतरत नाही. तो राग गटात बोलला जावा. समुपदेशकाने घाईने समजूत घालू नये.

अठरा वर्षांखालील मुलासाठी पालकांची संमती लागते. पालकांना चिंता आणि नैराश्याचा उपचार समजावून सांगता येतो. ओळख घरी कधी आणि कशी सांगायची ते मूल ठरवते. सांगून झाले असेल तर आई-वडिलांसाठी वेगळी बैठक ठेवतात. तिथे आई बहुधा आधी येते, वडील दाराबाहेर थांबतात, आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला आत येऊन बसतात. मधल्या काळात रात्री-अपरात्री आधार लागला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मराठीतही चालतो. बारावीनंतर मुले मुंबई-पुण्याला जातात. जाणाऱ्याने नव्या गटाच्या पहिल्या बैठकीला एकदा येऊन बसावे, अशी व्यवस्था ठेवली तर वाडीतून प्रथमच आलेल्या मुलाला आपल्यासारखे, आपल्याहून मोठे झालेले माणूस समोर दिसते.