नारदीय आणि वारकरी कीर्तन: एकच अभंग, दोन रीती

देवळाच्या फलकावर 'आज रात्री कीर्तन' एवढंच लिहिलेलं असतं. ऐकणाऱ्याला वाटतं, बुवा उभे राहणार, अभंग म्हणणार, गोष्टी सांगणार. पण ते नारदीय कीर्तन आहे की वारकरी, यावर तिथे माणसं किती लागणार, पखवाज हवा की तबला, गोष्ट कधी येणार आणि बुवांच्या गळ्यात हार घालायचा की नाही, हे सगळं बदलतं.

गोंधळ व्हायला कारणही आहे. नारदीय कीर्तनकार पुष्कळदा तुकोबांचाच अभंग मूळपद म्हणून, म्हणजे निरूपणाचा आधार म्हणून घेतात, आणि वारकरी कीर्तनातही दृष्टांताला गोष्ट येतेच. त्यामुळे नुसता अभंग ऐकून ओळखू नये. त्या अभंगाचं पुढे काय केलं जातं, ते पाहावं.

नारदीय कीर्तनाचे दोन भाग असतात, पूर्वरंग आणि उत्तररंग. नमन होतं, मग मूळपद, मग त्या पदातल्या एका सिद्धांताचं निरूपण. हा पूर्वरंग साधारण पाऊण ते एक तासाचा. त्यानंतर मध्यंतरात नामजप होतो, बुवांना हार आणि बुक्का लावतात आणि लोक नमस्कार करतात. बुवा वयाने लहान असले तरी करतात, कारण तो नमस्कार नारदाच्या गादीला असतो. उत्तररंगात आख्यान: ध्रुव, सुदामा, हरिश्चंद्र, दामाजीपंत. पूर्वरंगात जे तत्त्व मांडलं ते आख्यानात माणसांच्या वागण्यातून दिसायला हवं, आणि शेवटी गाडी मूळपदावर परत यायला हवी. इथेच बरीच कीर्तनं घसरतात. बुवांचं आवडतं आख्यान आधी ठरलेलं असतं आणि मूळपद नंतर चिकटवलेलं. मग पूर्वरंगात वैराग्य आणि उत्तररंगात शौर्य, असा सांधा न जुळलेला कार्यक्रम होतो. गोष्ट रंगते, टाळ्या पडतात, पण ते कीर्तन राहत नाही.

हा सगळा डोलारा एकट्या माणसाच्या खांद्यावर असतो. धोतर, अंगरखा, उपरणं, पगडी, हातात झांज किंवा चिपळ्या, साथीला पेटी आणि तबला. गाणारे बुवाच, अभिनय करणारेही तेच. साकी, दिंडी, आर्या, कटाव, ओवी हे सगळे छंद तोंडपाठ हवेत, कारण प्रसंग बदलला की छंद बदलतो. करुण प्रसंगात कटाव लावला तर तो धावत सुटतो आणि रस जातो. मोरोपंतांच्या (१७२९–१७९४) आर्या आजवर लोकांच्या कानावर राहिल्या त्यात कीर्तनकारांचा वाटा मोठा आहे.

वारकरी कीर्तनात बुवा एकटे नसतात. मागे टाळकऱ्यांच्या रांगा, पखवाजवादक आणि गळ्यात वीणा घेतलेला विणेकरी. 'जय जय राम कृष्ण हरी'चं भजन, मग रूपाचा, म्हणजे विठ्ठलाच्या रूपाचं वर्णन करणारा अभंग, विठोबा-रखुमाईचा गजर आणि त्यानंतर निरूपणाचा अभंग. कीर्तनकार चरण उचलतो, टाळकरी तो चालीत म्हणतात, ध्रुपद, म्हणजे पालुपद, पुन्हा पुन्हा येतं. निरूपण करताना बुवा प्रमाण देतात, म्हणजे दुसऱ्या एखाद्या अभंगाचे पहिले दोन शब्द उच्चारतात आणि पुढचं मागची मंडळी पाठातून उचलतात. बुवांनी शब्द टाकला आणि मागे कुणालाच तो अभंग येत नसला, की कीर्तन तिथेच लंगडतं. म्हणून फडावर, म्हणजे वारकऱ्यांच्या परंपरागत मंडळीत, टाळकऱ्यांचं पाठांतर बुवांच्या पाठांतराइतकंच मोलाचं मानतात. शेवटी 'हेचि दान देगा देवा'.

इथली खरी कसोटी चरणांची असते. अभंग चार-पाच चरणांचा, वेळ दोन तास. पहिल्या चरणावरच दीड तास विनोद आणि घरगुती किस्से झाले, तर उरलेले चरण नुसते म्हणून गुंडाळावे लागतात. आजकाल हे फार दिसतं. जुन्या वळणाचे बुवा आधीच चरणांना वेळ वाटून घेतात आणि शेवटच्या चरणासाठी, म्हणजे 'तुका म्हणे'साठी, पुरेसा वेळ राखून ठेवतात, कारण अभंगाचा निष्कर्ष बहुधा तिथेच असतो.

वाद्यांतला फरक जवळून पाहण्यासारखा आहे. तबल्याच्या डग्ग्यावर शाई कायमची बसवलेली असते. वारकरी पखवाजाच्या डाव्या तोंडाला मात्र दर वेळी ताजी कणीक लावतात. कणीक घट्ट मळून, चपटा गोल करून मधोमध बसवायची आणि कडा बोटाने दाबून घ्यायच्या. सैल मळली तर थापेबरोबर सरकते, फार कमी लावली तर डावं तोंड पोकळ वाजतं. उन्हाळी वाऱ्यात तासाभरात ती सुकून चिरते आणि सूर चढू लागतो, म्हणून वादक पाण्याची वाटी जवळ ठेवतो आणि मधूनच बोट ओलं करून फिरवतो. कीर्तन संपलं की कणीक काढून पुडी पुसायची. तशीच ठेवली तर चामडं खराब होतं.

आता हार-बुक्क्याकडे येऊ, कारण दोन्ही परंपरांचं नातं तिथे नेमकं दिसतं. तुकोबांचा एक अभंग सांगतो की जिथे कीर्तन करावं तिथे अन्न घेऊ नये, कपाळी बुक्का लावू नये, गळ्यात माळ घालून घेऊ नये, आपल्या तट्टाला किंवा बैलाला दाणा-गवतही मागू नये; आणि द्रव्य घेणारे-देणारे दोघेही नरकात जातात. नारदीय मध्यंतराचा विधी हार आणि बुक्का यांचाच, आणि बिदागीही उघडपणे दिली जाते. म्हणजे एकीकडे जे व्यवस्थेचा भाग आहे ते दुसरीकडे निषिद्ध. नारदीय कीर्तनकार हा व्यासंगी कलावंत आणि कीर्तन ही त्याची वृत्ती. वारकऱ्याचं कीर्तन हे शेतीवाडी सांभाळून केलेली सेवा. आज वारकरी मंचावरही हार पडतात, मानधन ठरतं, आणि त्यावर संप्रदायातच वाद चालतो. माझ्या मते प्रवासखर्च घेणं आणि दर ठरवून कीर्तन करणं यांत फरक करायला हवा. पण अभंगाचा अर्थ सोयीने वाकवू नये.

बदल दोन्हीकडे झाले, फक्त वेगवेगळ्या दारांनी. नारदीय कीर्तनात उत्तररंगाचं दार उघडं होतं. टिळकांच्या काळात पुराणकथेच्या जागी शिवचरित्र आणि देशाचा इतिहास आला. दत्तोपंत पटवर्धनांनी रुजवलेलं राष्ट्रीय कीर्तन ते हेच: सांगाडा तोच, आख्यान नवं. तंजावरच्या मराठी राजवटीबरोबर कीर्तन दक्षिणेत गेलं आणि एकोणिसाव्या शतकात कृष्ण भागवतरांनी त्याला तमिळ-कर्नाटक संगीताचं वळण दिलं. तिथल्या हरिकथेत साकी आणि दिंडी अजून त्याच नावांनी गायल्या जातात.

वारकरी कीर्तनात संहितेला हात लावायची सोय नाही. ज्ञानेश्वरी, एकनाथी भागवत आणि गाथा यांबाहेरचं सहसा प्रमाण मानत नाहीत. त्यामुळे तिथला बदल शिकवण्याच्या रीतीत झाला. पूर्वी कीर्तन फडावर, वडीलधाऱ्यांच्या मागे टाळ धरून शिकायचं. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली आणि वेगवेगळ्या जातींची, गावांची मुलं एका पंक्तीत बसून अभ्यासक्रमाने शिकू लागली. आज गावोगावच्या सप्ताहांत जो साचा दिसतो त्यावर या शिक्षणाचा ठसा आहे. अलीकडे दृष्टांत आणि चाली सैल झाल्या आहेत. सिनेमाच्या चालीवर अभंग बसवला की टाळाची लय चरणाच्या यतीशी, म्हणजे थांबण्याच्या जागेशी, जुळत नाही आणि शब्द भलत्या ठिकाणी तुटतो.

गाडगे महाराजांचं कीर्तन या दोन्ही चौकटींत नीट बसत नाही. समोरच्यांना प्रश्न विचारायचे, उत्तर त्यांच्याच तोंडून काढायचं, ही रीत त्यांची स्वतःची.

एक अपवाद ध्यानात ठेवावा. सप्ताहाच्या शेवटच्या दिवसाचं काल्याचं कीर्तन वारकरीच असतं, पण त्यात कृष्णलीला आणि गौळणी येतात, त्यामुळे नवख्याला ते आख्यान वाटतं. सप्ताहाचा मंडप असेल आणि पहारा बदलत वीणा अखंड उभी असेल, तर शंकाच नको.

कार्यक्रम ठरवणाऱ्यांसाठी: नारदीय बुवांना त्यांची पट्टी आधी विचारा आणि पेटीवाल्याला कळवा, पेटी-तबला त्यांच्या उजव्या-डाव्या हाताला, आणि आख्यानात फिरायला पुढे मोकळी जागा. वारकरी कीर्तनाला वीस टाळकरी उभे राहतील एवढं व्यासपीठ हवं, पखवाजाचा माईक बुवांच्या माईकपासून दूर, आणि टाळांसाठी वेगळा माईक मुळीच नको, नाहीतर निरूपणाचा शब्द मागे कुणालाच ऐकू जात नाही.