ओव्हरक्लॉकिंग करून घेण्याआधी

झेड७९० चिपसेटचा भारी मदरबोर्ड आणि इंटेलचा 'के' सिरीजचा (वेग वाढवू देणारा) प्रोसेसर घेतलेले बहुतेक ग्राहक पहिला प्रश्न विचारतात, "किती गिगाहर्ट्झपर्यंत जाईल?" ओव्हरक्लॉकिंग म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणे. हे काम आम्ही आवडीने करतो. पण त्याआधी हिशेब बघा.

कोअर आय७-१४७००के घेऊ. बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झ, मल्टीप्लायर ५५. दोन्हींचा गुणाकार म्हणजे वेग: परफॉर्मन्स कोअर (मुख्य, वेगवान कोअर) ५.५ गिगाहर्ट्झवर. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) ५५ चे ५७ केले की वेग वाढतो साडेतीन टक्क्यांच्या आसपास. तो टिकवायला व्होल्टेज वाढवावे लागते, आणि विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात चढतो. १.३० चे १.४० व्होल्ट करावे लागले, तर वाढलेला वेग धरून खप सुमारे २० टक्क्यांनी वाढला! ती सगळी उष्णता कूलरने बाहेर काढायची. १०० अंशांना प्रोसेसर आपणहून वेग उतरवतो. मग ५७ लावून पदरात काहीच पडत नाही. ४के रिझोल्यूशनवर खेळत असाल तर बहुतेक गेममध्ये भार ग्राफिक्स कार्डावरच असतो, फरक जाणवणारही नाही.

कूलर कितीही महाग असला तरी खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. डिसेंबरात २० अंशांच्या खोलीत ८५ दाखवणारा प्रोसेसर मे महिन्यात ३८ अंशांच्या खोलीत शंभरी गाठतो. म्हणून हिवाळ्यात सेटिंग करताना आम्ही पूर्ण लोडवर ८० च्या आत थांबतो.

आमचा सल्ला उलट दिशेचा आहे: वेग तोच ठेवा, व्होल्टेज थोडे थोडे उतरवा. अनेक बोर्ड 'ऑटो'वर पॉवर लिमिट चार हजार वॉटच्या वर ठेवतात, म्हणजे मर्यादाच नाही. ती आधी इंटेलच्या २५३ वॉटवर आणायची. इंटेल कोअरची तेरावी-चौदावी पिढी असेल तर बायोस अपडेट टाळूच नका. जादा व्होल्टेजमुळे हे प्रोसेसर अस्थिर होत असल्याचे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केले आणि ऑगस्टपासून मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या) दुरुस्त्या दिल्या. पण आधीच झालेली झीज अपडेटने भरून येत नाही. शेडर कंपाइल होताना (गेम सुरू होताना ग्राफिक्सची तयारी चालू असताना) गेम 'व्हिडिओ मेमरी संपली' म्हणून बंद पडत असेल, तर ग्राफिक्स कार्ड बदलण्याआधी प्रोसेसर तपासून घ्या.

सिनेबेंच ही वेगचाचणी दहा मिनिटे चालली म्हणजे काम झाले असे आम्ही मानत नाही. ओसीसीटी ही स्थिरतेची चाचणी, मग तुमचा नेहमीचा गेम, आणि शेवटी विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये हार्डवेअर एररची एकही नोंद नाही ना, हे बघूनच पीसी देतो.

ओव्हरक्लॉकिंगमुळे वॉरंटी अडचणीत येऊ शकते, हे आधीच लक्षात घ्या. बायोस अपडेट केल्यावर सेटिंग पुसले जाते, म्हणून त्याआधीच सेटिंगच्या स्क्रीनचे फोटो काढून ठेवा. पीसी सुरूच झाला नाही तर मागच्या बाजूचे 'क्लिअर सीमॉस' (बायोसचे सेटिंग पुसणारे) बटण वीज बंद करून दाबा. येताना पूर्ण कॅबिनेट आणा. एसएमपीएस (पॉवर सप्लाय) आणि कूलर बघितल्याशिवाय गिगाहर्ट्झचा आकडा सांगता येत नाही.